पहिल्या दाबाला धरणारा ब्रेक

वहिनी, काल तुझ्या भावानं दादाच्या कानाखाली मारली. अंगणात, सगळ्यांच्या देखत. तुझ्या दहाव्याची जेवणं नुकतीच उठली होती, माणसं हात धुऊन सुपारी कातरत बसली होती, आणि विलास उठला. "बहीण चिरडली माझी त्यानं, आणि तुम्ही त्याच्या बाजूनं लिहून देता?" एवढंच म्हणाला आणि हात चालवला. दादाचा चष्मा उडून चपलांच्या ढिगात पडला. दादानं तो शोधला, सदऱ्याला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. मी मध्ये गेले तर मलाही बाजूला ढकललं. माझ्या या अधू पायानं मी पायरीवर आदळले. देवळ्याची, तुझ्या माहेरची सगळी माणसं जीप काढून निघून गेली. जाताना कुणी पाणीही मागितलं नाही.

तू असतीस तर आधी भावाच्या दोन मुस्काटात दिल्या असत्यास. मग दादाकडे वळून म्हणाली असतीस, "आणि तुम्ही? तुम्ही गप का बसलात?"

तुझ्याशी बोलायचं तर भांडणापासूनच सुरुवात करावी लागते, दुसरा रस्ताच नाही. तू घरात आलीस ती भांडतच. कांद्यानं भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला लावून बाजार समितीत नेणारी मुलगी; लग्नानंतर पंधरा दिवसांत दादाची स्कूटर घेऊन एकटीच दिंडोरीपर्यंत जाऊन आलीस. मला लग्नात 'वन्सं' म्हणालीस, महिन्याभरात 'मालू' करून टाकलंस. आणि एके दिवशी दादानं ती आठशे सीसीची जुनी लाल गाडी आणली, मागची सीटं काढून लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, तेव्हा सगळ्यांना वाटलं की शर्यतीत तोच पळवणार. तू चावी घेतलीस. "तुम्ही बनवा. पळवणार मी." दादा सातपूरच्या कारखान्यात लेथवर काम करायचा. त्याला नट-बोल्टशी बोलता यायचं, माणसांशी नाही. तो हसला आणि बाजूला झाला.

मला शेजारी बसवलंस कारण मी शाळेत गणित शिकवायची. बंद केलेल्या डोंगररस्त्यावर एकेक गाडी सोडतात, घड्याळ लावतात, आणि शेजारच्यानं पुढची वळणं ओरडून सांगायची असतात. मी ओरडायचे, तू मला शिव्या देत गाडी हाणायचीस. हो, हाणायचीस. तुझं चालवणं म्हणजे मारामारीच होती. गिअर ओढायचीस तो कुणाची मान पिरगाळल्यासारखा. ब्रेक मारायचीस तो लाथ घातल्यासारखा. सीटच्या पट्ट्यांनी माझे खांदे निळे पडायचे. वर्गात पोरींनी विचारलं तर मी काय सांगणार, वहिनीनं मारलं?

पहिल्या मोठ्या उतारावर आपण मेलोच होतो. वणीच्या बाजूचा तो घाट. चाकाच्या डिस्कला आवळून गाडी थांबवणारे ब्रेक पॅड नेहमीचे, दुकानात मिळणारे होते. वरच्या चार वळणांना त्यांनी झकास धरलं. पाचव्याला वास आला, जळक्या रबरासारखा, नाकात झोंबणारा. सहाव्याला तू लाथ घातलीस आणि गाडी जशी होती तशीच पळत राहिली. मला वळणं सांगायचं सुधरेना. तू ओरडलीस, "सांग ना गं, भवाने!" आणि डावीकडची माझी बाजू डोंगराला घासवलीस. दगड, पत्रा, ठिणग्या. माझ्या दाराची काच माझ्या मांडीवर येऊन पडली. असं घासत-घासत आपण खाली उतरलो. तू बाहेर पडलीस, धुरकटलेल्या चाकाला तीन-चार लाथा घातल्यास, मग रस्त्याच्या कडेला जाऊन ओकलीस.

त्या दिवसापासून आपल्या घरात पॅडचं युद्ध पेटलं.

दादाचं म्हणणं साधं होतं. मऊ पॅड गार असताना धरतात आणि तापले की दगा देतात. कडक पॅड तापल्यावरच धरतात, आणि मग कितीही तापू देत, सोडत नाहीत. "शकू, तुला घाटाच्या तळाशी ब्रेक पाहिजे. तिथं कडक पॅडच पाहिजे." तुझं म्हणणं त्याहून साधं होतं. "मला पहिल्या दाबाला धरणारा ब्रेक पाहिजे. तळाशी पोचायला आधी वरच्या वळणांतून जिवंत सुटावं लागतं."

तो पुण्याहून, मुंबईहून वेगवेगळे पॅड मागवायचा. दर रविवारी सकाळी पेठ रोडवर एकेक जोड लावून गाडी पळवायची, थांबवायची, परत पळवायची. मग तो खाली बसून चाकाच्या फटीतून डिस्कवर बाटलीतलं पाणी शिंपडायचा आणि ते कसं चरचरतंय ते ऐकायचा. एकदा तर त्यानं पॅड किती ताप सोसतात ते बघायला आपल्या गॅसवरच तापवायला ठेवले. शेजारच्या शेगडीवर तुझी भाकरी. घरभर तो घाण धूर. तू काही न बोलता फडक्यानं आचेवरचा पॅड उचललास आणि त्याच्याकडे फेकलास. भुवई फुटली. रक्त चष्म्यावर ओघळलं. टाके घालताना डॉक्टरनं विचारलं, काय लागलं? दादा म्हणाला, "ब्रेक." तू बाहेरच्या बाकड्यावर बसून हसत होतीस, आणि हसता-हसता पदर तोंडात कोंबून रडायला लागलीस. मला कोपरानं ढोसून म्हणालीस, "कुणाला सांगू नको."

शेवटी तोच जिंकला. घाटातल्या त्या दिवसानं तो एवढा घाबरला होता की तुला दुसऱ्यांदा ब्रेकवाचून उतरताना बघायची त्याची तयारी नव्हती. तू म्हणालीस, "लावा. तुमचं समाधान होऊ दे." दादानं कडक पॅड लावले.

दिंडोरीच्या पुढची ती पहाट. द्राक्षं काढणीला आलेली, आणि थंडी अशी की बागायतदार शेकोट्या करून बागेत धूर ठेवत होते. अंधारातच आपण गाडी पळवून-थांबवून पॅड तापवून आणले होते. पण सुटायच्या जागी थांबवलं. बंद रस्त्यावर कुणाचा तरी ट्रॅक्टर शिरला होता. आपण बसून राहिलो. हेल्मेटमध्ये श्वासाचं पाणी होत होतं. दादा खालच्या बाजूला टेकाडावर उभा असलेला दिसत होता, मफलर गुंडाळून. तू पेडलवर पाय ठेवून म्हणालीस, "गार पडले गं, मालू."

मग झेंडा पडला.

उतार. मी ओरडले, "शंभर मीटर, उजवं, आखूड!" आणि मी तुझ्या पायाकडे पाहिलं. का पाहिलं माहीत नाही. वळण अजून चांगलं लांब होतं. तुझा पाय खाली होता, पार खाली, गुडघा ताठ, दात आवळलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या. पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि गाडी थांबत नव्हती. तू पेडलशी कुस्ती खेळत होतीस आणि ते तुला जुमानत नव्हतं.

आपण सरळ बागेत शिरलो. मांडवाच्या तारा एकामागून एक तुटत गेल्या, बंदुकीच्या गोळ्यांसारख्या आवाजात. एक तार खिडकीतून आत आली आणि हेल्मेट हिसकावून तुझा कान आणि मान उसवून गेली. मांडवाचा लोखंडी अँगल तळाचा पत्रा फोडून माझ्या नडगीत घुसला. घड फुटून काचेवर, तोंडावर, डोळ्यांत रस. गोड वास आणि रक्ताचा वास. मी किंचाळत होते की तू, मला आजही सांगता येणार नाही.

बागेचा मालक काठी घेऊन धावत आला. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. वर्षभर पोटच्या पोरासारखी जपलेली बाग उताणी पडलेली बघून माणसाचं जे होईल ते त्यांचं झालं होतं. "आंधळे हाय का रे भडव्यांनो!" त्यांनी बॉनेटवर काठी घातली. तेवढ्यात दादा टेकाडावरून धापा टाकत आला आणि वेड्यासारखा एकच वाक्य बोलायला लागला. "माझं चुकलं. पॅड मी निवडले. माझं चुकलं." अण्णांनी त्याच्या पाठीत काठी घातली. दुसरी घातली. दादा हात वर करीना, तसाच उभा राहून मार खात होता.

आणि तू दार लाथेनं उघडून बाहेर आलीस. कान लोंबत होता. पांढरा अंगरखा गळ्यापासून कमरेपर्यंत लाल. तू अण्णांची गचांडी धरलीस. "त्यांना नाय! मला मार! पाय माझा उशिरा पडला! ब्रेक चांगला होता, माझा पाय उशिरा पडला!"

अण्णांच्या हातातली काठी खाली पडली. तुझं रक्त त्यांच्या शर्टावर ठिबकत होतं. मग त्यांनीच आपल्या जीपमध्ये घालून आपल्याला नाशिकला आणलं, आणि वाटेत गडी जीप चालवत असताना त्यांच्या मांडीवर माझं डोकं होतं. जखम भरल्यावर तू महिनाभर त्यांच्या बागेत जाऊन तारा ओढल्यास, अँगल पुरलेस. भांडतच. त्यांनी तुला छाटणी शिकवली, तू त्यांच्या सुनेला ट्रॅक्टर शिकवलास.

पण जीपमध्ये, शुद्ध हरपायच्या आधी, तू माझा हात असा दाबलास की माझी बांगडी फुटली. "मालू. पाय उशिरा पडला. तू काही बोलायचं नाय."

वहिनी, आपलं खरं भांडण तेव्हापासूनचं. ते कधी संपलंच नाही. माझी नडगी वाकडी जुळली, मी पुन्हा तुझ्या शेजारी बसले नाही, पण भांडायला मात्र रोज यायचे. मी म्हणायचे, सांग त्याला खरं. खोट्यावर विसंबून तो पुन्हा तेच पॅड लावेल आणि पुढच्या वेळी तार कानाला नाही, गळ्याला लागेल. तू म्हणायचीस, "खरं सांगितलं तर त्यांचा हात थरथरायला लागेल. थरथरत्या हातानं आवळलेल्या नटापेक्षा मला माझं खोटं बरं." मी म्हणायचे, हा तुझा माज आहे, सगळं आपल्या अंगावर घ्यायचा माज. एकदा तू माझ्या अंगावर उकळता चहा फेकलास. नेम चुकवलास, ते मला कळलं. भिंतीवरचा तो डाग अजून आहे.

तू अजून दोन हंगाम पळवलीस, दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून. दादानं स्वतःहून मधले पॅड लावले होते, गारही बऱ्यापैकी धरणारे, तापल्यावरही टिकणारे. कडक पुन्हा कधीच लावले नाहीत. त्यानं कारण सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. मग गाडी विकली आणि तू बायकांना गाडी शिकवायला लागलीस. नाशिक रोडच्या किती मास्तरणी, नर्सा, सुना तुझ्या शिव्या खाऊन रस्त्यावर आल्या! पहिल्या दिवशी तू त्यांना गाडी चालवायला द्यायचीच नाहीस. नुसती थांबवायला लावायचीस. जी घाबरून हळू दाबायची तिच्या मांडीवर चापट.

आणि तू गेलीस ती थांबलेली असताना. याचा मला इतका संताप येतो की हातातलं भांडं भिंतीवर फेकावंसं वाटतं, आणि परवा मी ते फेकलंही.

शिकाऊ बाईला घरी सोडून तू एकटी परतत होतीस. सिन्नर फाट्याला सिग्नल लागला. पुढे एसटी. तू थांबलीस. मागून कांद्याचा ट्रक आला. एवढंच.

माझी शाळा जवळ, म्हणून मी आधी पोचले. तुला बाहेर काढून कडेला ठेवलं होतं, कुणीतरी आपली शाल टाकली होती. गाडी एसटीच्या मागच्या पत्र्यात शिरलेली. रस्ताभर कांदे. आणि त्या कांद्यांत जमावानं ट्रकच्या ड्रायव्हरला पाडलं होतं आणि लोक त्याला लाथांनी तुडवत होते. तिशीचा, काटकुळा माणूस. नाव सोमनाथ, ते नंतर कळलं. मी त्यांना थांबवलं नाही. मला वाटत होतं, मारा. अजून मारा.

दादा स्कूटर रस्त्यातच आडवी टाकून आला. त्यानं शाल वर करून तुला पाहिलं. परत नीट झाकली, कडा आत खोचल्या, तू झोपलीस की खोचायचा तशा. मग उठला, एकाच्या हातातली सळई हिसकावली आणि सोमनाथवर घातली. खांद्यावर. पुन्हा. वहिनी, आपल्या दादानं! तुझा पॅड भुवईवर झेलून 'ब्रेक' म्हणणाऱ्या माणसानं! हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिसऱ्यांदा सळई वर गेली तेव्हा सोमनाथ रक्त थुंकत म्हणाला, "दाबला होता साहेब. पार खाली दाबला होता. लागलाच नाय. मालकाला किती येळा सांगितलं, ब्रेकचे लायनर बदला."

सळई वरच राहिली. दादा त्याच्या पायाकडे बघत होता. मग त्यानं सळई टाकली, एकाकडून बॅटरी घेतली आणि ट्रकखाली सरपटत गेला. लोक बघत राहिले. चाकाआडच्या ब्रेकच्या ड्रमच्या फटीतून त्यानं आत उजेड मारला, एकेका चाकाशी थांबला. बाहेर आला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते.

"सोडा त्याला," दादा म्हणाला. "लायनर संपलेत. लोखंडावर लोखंड घासतंय. ह्याचा पाय वेळेवर पडला होता."

जमाव पांगायला तयार नव्हता. एकानं दादालाच शिवी दिली. मग दादा सोमनाथच्या अंगावर आडवा झाला, पोलीस येईपर्यंत, आणि दोन-चार लाथा त्यालाही बसल्या.

पोलिसांत त्यानं तेच लिहून दिलं. ट्रकच्या मालकाचंही नाव घ्या म्हणाला. सोमनाथचं हाड मी मोडलं, तेही लिहा म्हणाला. विलासनं मारली ती याचसाठी.

काल सगळे गेल्यावर आम्ही दोघंच पायरीवर बसलो होतो. त्याच्या गालावर बोटं उठली होती. तुझी शपथ मी एवढी वर्षं पाळली, पण आता तूच नाहीस. मी म्हणाले, "दादा, दिंडोरीला वहिनीचा पाय उशिरा पडला नव्हता. मी पाहिलं होतं."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"टेकाडावर होतो ना मी. गाडी माझ्यासमोरून पुढे गेली आणि मागचे लाल दिवे लागलेले दिसले. वळणाच्या कितीतरी आधी. दिवे लागले आणि गाडी तशीच जात राहिली." त्यानं चष्मा काढला. "ते दिवे मला रोज दिसतात, मालू."

"मग तिला बोलला का नाहीस?"

त्यानं चष्म्याची वाकलेली काडी सरळ केली. "चारचौघांत तिनं अंगावर घेतलं होतं. तिला खोटं कसं पाडायचं? आणि खरं सांगू? कुणीतरी माझ्यासाठी एवढ्या त्वेषानं खोटं बोलतंय, ते मला बरं वाटायचं. तेवढं एक मी माझ्याजवळ ठेवलं."

म्हणजे आपण तिघं एका घरात, एकाच ताटातलं जेवत, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मी पायरीवर हात आपटला. मला तुम्हा दोघांनाही बडवून काढावंसं वाटलं. मग मला तुझा तो लोंबता कान आठवला, आणि तू अण्णांची धरलेली गचांडी. माझ्यासाठी आजवर कुणी असं उभं राहिलं नाही, वहिनी. पण असं उभं राहणारं माणूस मी एका हाताच्या अंतरावरून पाहिलं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. चहाचा डाग घासत बसले.

आज दुपारी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. सोमनाथला जामीन द्यायला कुणी आलं नव्हतं. मालकानं फोनच बंद ठेवला आहे. सोमनाथचा हात गळ्यात अडकवलेला. दादाला बघून तो भिंतीला चिकटला, आधी त्याला वाटलं अजून मारायला आला. मग वाकून पाया पडायला लागला. दादानं पाय मागे घेतले. गजांच्या अलीकडे फरशीवरच बसला. मीही बसले.

शेवटी सोमनाथनंच विचारलं, मान खाली घालून. "साहेब, बाई कशा होत्या?"

आणि वहिनी, दादा बोलायला लागला. नट-बोल्टांशीच बोलणारा आपला दादा. हवालदारानं वेळ संपली म्हणून सांगितलं, तरी बोलत राहिला. पुन्हा सांगितलं, तरी बोलत राहिला. मग हवालदारही खुर्ची ओढून ऐकत बसला.

सुरुवात कशी केली सांगू?

म्हणाला, "लय भांडखोर होती."